मशीनखालचे लाकूड

21 मार्च 1911 रोजी स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँक गावात, सिंगर कंपनीच्या किलबोवी कारखान्यात, 12 बायकांनी काम थांबवले. त्या बीड ओतणाऱ्या किंवा सुया बसवणाऱ्या नव्हत्या. शिवणमशीनच्या लाकडी पेट्यांना आणि टेबलांना पॉलिश करणाऱ्या होत्या. त्यांच्या गटातल्या तिघींना दुसरीकडे हलवून त्यांचे काम उरलेल्या 12 जणींवर टाकले होते आणि हाती पडणारी मजुरी मात्र घटणार होती. बघता बघता कारखान्यातल्या सुमारे 2,000 स्त्रिया त्यांच्या पाठोपाठ बाहेर पडल्या आणि काही दिवसांतच जवळपास 10,000 कामगार संपावर गेले. कंपनीने प्रत्येकाच्या घरी पोस्टकार्ड पाठवून कामावर यायला तयार आहात का, असे विचारले. एप्रिलमध्ये संप मोडला आणि पुढे त्यात पुढाकार घेणाऱ्या शेकडो जणांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांतला आर्थर मॅकमॅनस हा तरुण पुढे ब्रिटनच्या कम्युनिस्ट पक्षाचा पहिला अध्यक्ष झाला. कामगार चळवळीच्या इतिहासात या संपाला मानाचे पान आहे. शिवणमशीनच्या इतिहासात मात्र या पॉलिशवाल्या बायका क्वचितच भेटतात.

तो इतिहास नेहमी सुईच्या बाजूने सांगितला जातो. 1846 मध्ये इलायस हाऊने घेतलेले पेटंट, 1851 मध्ये आयझॅक मेरिट सिंगरने घेतलेले पेटंट, मग दोघांची कोर्टबाजी, 1856 मध्ये मोठ्या कंपन्यांनी आपापली पेटंटे एकत्र करून केलेला समझोता. जुनी मशीन जमवणारेही त्याच वळणाने जातात. मशीनचे डोके घासूनपुसून कपाटात ठेवतात, नंबरावरून साल काढतात. एफ किंवा वाय अक्षराने सुरू होणारा नंबर क्लाइडबँकचा, जी अक्षराचा अमेरिकेतल्या एलिझाबेथचा, हे त्यांना तोंडपाठ असते. खालचे टेबल मात्र अडगळीत जाते, नाहीतर भंगारवाल्याकडे. मला हे फार लागते. शिवणमशीन घरात आले ते लाकडाच्या अंगाने आले, आणि त्या लाकडाची निगा राखणे हे सुईची लय जुळवण्याइतकेच मानाचे काम आहे, असे माझे ठाम मत आहे.

सिंगरचे पहिले मशीन ज्या देवदारी खोक्यात भरून यायचे तेच खोके उलगडून त्याचे टेबल करायचे, अशी सोय होती. कारखान्यातल्या शिंप्याला तेवढे पुरे. पण कंपन्यांना गिऱ्हाईक हवे होते ते घरातले, आणि तेलाने माखलेले, खडखडणारे यंत्र दिवाणखान्यात कोण ठेवून घेणार? 1856 पासून सिंगरचे भागीदार एडवर्ड क्लार्क यांनी हप्त्याने विक्री सुरू केली. पैशाची अडचण त्याने सुटली. दिसण्याची अडचण सोडवली सुताराने. मशीनचे डोके खाली पोटात घ्यायचे, वर फळी लोटायची, की झाले साधे टेबल. दोन्ही बाजूंना नक्षीचे खण, पायात बिडाची जाळी. 1868 मध्ये सिंगरने इंडियाना राज्यातल्या साऊथ बेंड गावी खास या पेट्यांचा कारखाना काढला. गाव निवडले ते आसपासच्या अक्रोड आणि ओकच्या जंगलांसाठी. तिथे अखंड लाकडाच्या फळ्यांऐवजी पातळ पापुद्रे आडवे-उभे सरसाने चिकटवून फळी करण्याचे तंत्र मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. ऋतू बदलला तरी अशी फळी पिळत नाही. आज जुन्या मशीनच्या टेबलाचा कोपरा उकलला की पापुद्र्यांची ती आडवी-उभी मांडणी सहज दिसते.

किलबोवीचा पसारा अफाट होता. 1913 मध्ये तिथून 13 लाखांहून अधिक मशीन बाहेर पडली. कारखान्याच्या नावाचे रेल्वे स्टेशन आजही ‘सिंगर’ म्हणूनच चालू आहे, कारखाना मात्र 1980 मध्ये बंद पडला. तिथे लाकडाचे प्रमाण किती होते ते एका दुःखद रात्रीवरून कळते. 13 मार्च 1941 रोजी जर्मन विमानांनी क्लाइडबँकवर बाँब टाकले, तेव्हा सिंगरच्या लाकडाच्या वखारीने पेट घेतला आणि गावातल्या मोठ्या आगींत तिची गणना झाली.

आता त्या लाकडावरच्या झळाळीकडे येतो. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेत चांगल्या लाकडी सामानाला पॉलिश म्हणजे मुख्यतः लाखेचे. आणि जगाची बहुतेक लाख जायची ती हिंदुस्थानातून. पळस, बोर, कुसुम यांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे बसतात, रस शोषतात आणि अंगाभोवती राळेचे कवच करतात. शेतकरी पिकाची नावे घेतात ती रंगीनी आणि कुसुमी; रंगीनीची बैसाखी आणि कातकी, कुसुमीची जेठवी आणि अघनी. फांदीवरून खरवडलेली लाख धुऊन लाल रंग काढायचा, मग लांबलचक कापडी पिशवीत भरून निखाऱ्यांसमोर पिळायची, वितळून आलेला रस ताणून त्याचा कागदासारखा पातळ पत्रा करायचा आणि तो मोडायचा. झाली चपडा लाख. छोटा नागपूर, छत्तीसगड, बंगाल हा तिचा मुलूख. आपल्याकडे गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलांतही ती घेतली जाते. रांचीजवळ नामकूमला 1920 च्या दशकात लाखेवर संशोधन करणारी संस्था उभी राहिली, ती आजही आहे. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्याही याच लाखेच्या. तेव्हा क्लाइडबँकच्या पॉलिशवाल्यांच्या हातातल्या बोळ्यात पळसावरची लाख असणार, असे मानायला भरपूर आधार आहे. आपल्या रानातली वस्तू समुद्रापार जाऊन स्कॉटलंडच्या मजूर बायकांच्या हातून लाकडावर चढायची आणि मशीनसोबत पुन्हा मुंबईच्या गोदीत उतरायची.

मुंबईत सिंगरचा कारभार सांभाळला तो नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे बरीच वर्षे देशभरातली विक्री त्यांच्या हाताखाली होती. हप्त्याची पद्धत इथेही आली आणि हळूहळू शिंप्यांच्या ओट्यावर पायमशीन दिसू लागले. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनीही 1924 मध्ये सिंगरच्या मशीनला अपवाद मानले. माणसाचे कष्ट हलके करण्यासाठी केलेल्या मोजक्या उपयोगी वस्तूंपैकी ते एक, असा त्यांचा आशय होता. 1930 च्या दशकात कलकत्त्याला जय इंजिनिअरिंगने ‘उषा’ बनवायला घेतली, नंतर लुधियानात छोटे कारखाने उभे राहिले आणि परदेशी मशीनची मक्तेदारी संपली.

या प्रवासात लाकूड बदलले. महाराष्ट्रात जुन्या पायमशीनचे टेबल उलटून पाहिले तर पुष्कळदा डोके क्लाइडबँकचे, पाय बिडाचे आणि फळी मात्र सागवानी, जाड, स्थानिक सुताराच्या हातची निघते. मूळ फळी पावसाळ्याने फुगून उकलली किंवा वाळवीने खाल्ली, की घरच्या सुताराला सांगून नवी घालून घ्यायची, ही आपली रीत. काही संग्राहक अशा मशीनला ‘अस्सल नाही’ म्हणून नाक मुरडतात. मला उलट वाटते. ही सागवानी फळी त्या मशीनच्या आयुष्याचा खरा भाग आहे. तिच्या कडेला शिंप्याने ठोकलेली फूटपट्टी असते, खडूच्या रेघा असतात, कैची ठेवून ठेवून पडलेला खळगा असतो. खंडेनवमीला वाहिलेल्या हळदकुंकवाचे डाग तर डोक्यावरही असतात आणि फळीवरही. ते घासून काढायला मी कधीच सांगणार नाही.

डागडुजीला हात घालण्यापूर्वी मशीनवर कोणते पॉलिश आहे ते ओळखावे लागते. फळीच्या पाठीवर, न दिसणाऱ्या जागी, स्पिरिटचा एक थेंब टाकावा. मिनिटभरात बोटाला चिकट लागले तर लाख. थिनरने विरघळले तर नंतरच्या काळातले लॅकर. दोन्हीला दाद दिली नाही तर तेलाचे वार्निश किंवा अलीकडचे प्लास्टिकसारखे पॉलिश. लाख असेल तर निम्मे काम झाले, कारण लाख स्वतःच्याच जुन्या थरात मिसळते. तडे गेलेला, पोपडे आलेला, मगरीच्या पाठीसारखा झालेला थर कितीदा तरी पॉलिश कागदाने घासून काढण्याची गरजच नसते. आधी सौम्य साबणाचे पाणी जेमतेम ओले केलेल्या फडक्याने लावून धूळ आणि तेलाचा चिकटा काढावा, लगेच कोरडे करावे. मग स्पिरिटने ओलसर केलेला बोळा हलक्या हाताने फिरवला की जुना थर स्वतःच सैल होऊन भेगा भरतो. त्यावर नव्या लाखेचे पातळ हात द्यावेत. एक लिटर स्पिरिटला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास चपडा लाख, रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून. हे द्रावण जुने करू नये; महिनोन् महिने ठेवलेली लाख वाळता वाळत नाही आणि फळीवर बोटांचे ठसे उमटत राहतात.

पावसाळ्यात हे काम करू नये, हे पॉलिशवाले पिढ्यान्पिढ्या सांगत आले आहेत आणि त्यामागे नीट कारण आहे. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतले पाणी त्यावर बसते आणि थर पांढुरका पडतो. श्रावणात धीर धरावा. दसरा झाला, हवा कोरडी झाली की हात घालावा. जुनी लाकडी दुकाने दिवाळीआधी पॉलिश करून घेत, त्यात सणाइतकाच हवेचाही विचार असावा.

पापुद्रे सुटलेल्या फळीला घाबरू नये. जुना सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला असतो आणि ऊब व ओल मिळाली की पुन्हा मऊ होतो. पापुद्र्याखाली गरम सरस सारून, वर कागद व सपाट फळी ठेवून शिकंजा आवळला, दिवसभर ठेवला, की तो मूळ जागी बसतो. टवका उडाला असेल तर त्याच जातीच्या लाकडाचा, त्याच रेषेचा तुकडा बसवावा. लांबी भरून रंग मारू नये. चार पावसाळ्यांनी तो तुकडा डोळ्यांत खुपतो.

डोक्यावरच्या सोनेरी नक्षीसाठी तर स्पिरिट विषच. काळा डांबरी लेप भाजून, त्यावर नक्षीचे छाप लावून, वर बहुतेकदा लाखेचाच पारदर्शक थर दिलेला असे. हौशी माणूस ‘चकचकीत करू’ म्हणून स्पिरिटचे फडके फिरवतो आणि शंभर वर्षांची नक्षी फडक्यावर उतरते. डोक्याला फक्त मशीनचे तेल आणि मऊ सुती कापड. आत गंजून अडकलेला भाग सोडवायला थोडे रॉकेल, तेही नक्षीपासून दूर.

हल्ली बिडाचे पाय तेवढे घेऊन त्यावर काचेची किंवा संगमरवरी फळी टाकतात आणि हॉटेलात, फ्लॅटच्या गॅलरीत टेबल म्हणून मिरवतात. खण आणि फळी कुठे जाते, कोणी विचारत नाही. जुन्या बाजारात सुट्या खणांचा ढीग पाहिला की मन विषण्ण होते. दुसरा प्रकार मेलामाइन किंवा पीयू पॉलिशचा. जुनी लाख घासून काढून वर काचेसारखा थर चढवतात. दिसायला झगझगीत, पण पुढे ओरखडा पडला तर तेवढाच दुरुस्त करणे अवघड. सगळे पुन्हा घासावे लागते आणि प्रत्येक वेळी पापुद्रा आणखी पातळ होतो. लाखेवर ओरखडा पडला तर पुढच्या पिढीतले कोणीही एका बोळ्याने तो मिटवू शकेल. टिकाऊपणाची ही व्याख्या मला अधिक पटते.

क्लाइडबँकच्या नगरसंग्रहात शेकडो शिवणमशीन जपून ठेवली आहेत, लंडनला बॅलममध्ये तर खास शिवणमशीनचे संग्रहालयच आहे. आपल्याकडे हा वारसा अजून घराघरांत विखुरलेला आहे, आणि त्याची नोंद कोणी ठेवलेली नाही. म्हणून एक विनंती. खणाच्या आतल्या बाजूला पॉलिश लावू नये. तिथे कधी सुताराने पेन्सिलीने लिहिलेले आकडे सापडतात, कधी जुन्या वर्तमानपत्राचे अस्तर, कधी मापांची चिठ्ठी. आणि तुम्ही जी लाख वापरली, जो सरस घातला, ज्या जागी नवा तुकडा बसवला, ते एका कागदावर तारखेसह लिहून त्याच खणात ठेवून द्यावे.