स्वस्त ‘पॉवर चिप’ने गाडीची ताकद वाढते का?

डिचोलीतल्या सुर्ला परिसरात, खाणपट्ट्यातल्या चढावर भरलेली गाडी नेताना थोडी जादा ताकद कुणालाही हवीच असते. स्टिअरिंगखालच्या 16 पिनांच्या ओबीडी पोर्टात खोचायची स्वस्त चिप नेमकं तेच आश्वासन देते.

ती काम करत नाही.

‘क्वार्क्सलॅब’ या फ्रेंच कंपनीने ‘नायट्रो ओबीडी-2’ ही अशीच चिप उघडून तपासली. आत निघाला साधा मायक्रोकंट्रोलर, एक बटण आणि लुकलुकणारे एलईडी. गाडीच्या संगणकाशी बोलण्यासाठी लागणारा कॅन ट्रान्सिव्हर नव्हताच! चिप लावण्यापूर्वीचे आणि नंतरचे गाडीतले संदेश त्यांनी ताडून पाहिले; चिपने एकही संदेश पाठवला नव्हता.

खरं ट्युनिंग म्हणजे ईसीयूमधली (इंजिनाच्या संगणकातली) इंधनाची आणि टर्बोच्या दाबाची गणितं बदलणं. टर्बो डिझेलमध्ये त्याने ताकद नक्की वाढते, पण क्लच आणि गिअरबॉक्सवर ताण येतो, वॉरंटीही जाऊ शकते.

त्याच पोर्टात साधा ब्लूटूथ स्कॅनर लावला तर इंजिनचे दोष मोबाइलवर वाचता येतात. पैसे त्यावर घालावेत. आणि पिकअप मंदावला असेल तर आधी एअर फिल्टर उघडावा. खनिजाच्या लाल धुळीत तो लवकर तुंबतो.