पैनगंगेकाठची आरएक्स : जुनी वेगवान गाडी घेताना

आदिलाबादहून राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून उत्तरेला निघालं की डोलाऱ्याजवळ पैनगंगेचा पूल लागतो. पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा आणि पाटणबोरी. पश्चिमेला किनवट, पूर्वेला राजुरा. हे दोन्ही तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. जैनद, बेला, तामसी या भागांत आजही घरात मराठी आणि कचेरीत तेलुगू चालते. सोयरिकी नदी ओलांडून होतात, गुरंढोरं नदी ओलांडून विकली जातात, तशाच मोटारसायकलीही. म्हणून या पट्ट्यात जुनी गाडी घेणाऱ्याने इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी नंबरप्लेट नीट वाचायला हवी.

जुन्या आंध्र प्रदेशात आदिलाबादचा क्रमांक होता एपी ०१. २ जून २०१४ ला तेलंगण झाल्यावर तो टीएस ०१ झाला आणि मार्च २०२४ पासून नव्या गाड्यांना टीजी ०१ मिळू लागला. मधल्या काळात, ऑक्टोबर २०१६ मध्ये, जिल्ह्याचेच चार तुकडे झाले आणि निर्मल, मंचेरियाल, आसिफाबाद यांना वेगळे क्रमांक मिळाले. नदीपलीकडे यवतमाळचा एमएच २९, नांदेडचा एमएच २६, चंद्रपूरचा एमएच ३४. १९९० च्या सुमारास आदिलाबादेत नोंदलेली गाडी आज किनवटच्या एखाद्या गॅरेजमध्ये उभी असेल, तर तिची नोंद एका राज्याच्या जुन्या रजिस्टरात, ती स्वतः दुसऱ्या राज्यात आणि मूळ मालक कदाचित तिसऱ्याच गावी, असा प्रकार असतो. ती गाडी बहुतेक वेळा यामाहा आरएक्स १०० असते.

आरएक्स १०० भारतात १९८५ मध्ये आली. एस्कॉर्ट्‌सने यामाहाच्या सहकार्याने ती काढली. सुरुवातीच्या गाड्यांचे भाग जपानहून आले आणि इथे जोडले गेले. 'जपान इंजिन' म्हणून आजही जिचा भाव सांगितला जातो, ती हीच पहिली खेप. ९८ सीसी, ११ अश्वशक्ती, वजन जेमतेम शंभर किलोच्या आसपास. त्याच वर्षी आलेल्या हिरो होंडा सीडी १०० चं इंजिन जवळपास तेवढंच, पण फोर स्ट्रोक, आणि ताकद साडेसात अश्वशक्तीच्या आतबाहेर. टू स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट होतो, फोर स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक. शिवाय फोर स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, टायमिंग चेन नाही. एवढ्या हलक्या सांगाड्यात असं इंजिन बसवल्यावर गाडी हातातून निसटायला बघते, हे ज्याने चालवली आहे त्याला सांगावं लागत नाही.

पण याच रचनेत तिचा शेवटही होता. टू स्ट्रोकमध्ये जळालेला वायू बाहेर काढायला ताजं मिश्रणच आत ढकललं जातं, आणि त्यातलं काही न जळताच साइलेन्सरमधून निघून जातं. ऑइलही पेट्रोलबरोबर जळतं. प्रदूषणाचे नियम १९९६ मध्ये कडक झाले आणि त्याच वर्षी आरएक्स १०० चं उत्पादन थांबलं. आरएक्सजी, आरएक्स १३५, आरएक्सझेड या बहिणी पुढे काही वर्षं चालल्या. म्हणजे आज बाजारात येणारी सर्वात तरुण आरएक्स १०० सुद्धा जवळजवळ ३० वर्षांची आहे.

तिच्याआधीची राजदूत ३५० ही वेगळीच गोष्ट. १९८३ मध्ये आलेली, यामाहा आरडी ३५० वरून घेतलेली, दोन सिलिंडर, ३४७ सीसी, सहा गिअर. पहिल्या 'हाय टॉर्क' गाड्या ३०.५ अश्वशक्तीच्या आणि नंतरच्या 'लो टॉर्क' २७ च्या. मूळ जपानी गाडीला पुढे डिस्क होती, इथे खर्च वाचवायला ड्रम दिला. त्या काळात मायलेज बघून गाडी घेणाऱ्या देशात ती चालली नाही. आज ती संग्राहकांची गाडी आहे. आदिलाबादसारख्या ठिकाणी तिचे भाग मिळणार नाहीत आणि तिचा क्रँक उघडणारा मिस्त्रीही सहज सापडणार नाही. नागपूर सुमारे २०० किलोमीटर, हैदराबाद ३०० च्या घरात. ज्याच्याकडे रोजच्या वापराला दुसरी गाडी आहे त्यानेच आरडीच्या वाटेला जावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता प्रत्यक्ष गाडीकडे. आरएक्स बघायला जाताना विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर पहिला हात हेडवर ठेवा. हेड गरम लागला तर गाडी तुमच्यासाठी तयार करून ठेवलेली आहे. थंड असेल तर चोक ओढून किक मारा. चांगली आरएक्स दोन-तीन किकमध्ये चालू होते. हिवाळ्यात पारा पाच अंशांच्या आसपास उतरणाऱ्या आदिलाबादेत पहाटे एखाद-दुसरी किक जास्त लागली, तर त्याचं वाईट वाटून घेऊ नये. सुरुवातीला धूर येणारच. इंजिन तापल्यावरही पांढरा दाट धूर येत राहिला आणि त्याला जळक्या गिअर ऑइलचा वास असला, तर क्लचच्या बाजूचं क्रँक सील गेलं आहे आणि गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जात आहे.

दुसऱ्या बाजूचं, म्हणजे मॅग्नेटोकडचं सील गेलं तर उलटं होतं. धूर दिसत नाही, पण बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं आणि अॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिनाचे फेरे खाली यायला वेळ लागतो, कधी वरच चढतात. विकणारा याला 'पिकअप बघा कसा आहे' म्हणून दाखवतो. तो पिकअप नाही, पिस्टन जळण्याची पूर्वतयारी आहे.

आवाज दोन ठिकाणांहून ऐकावा. वरून, सिलिंडरमधून येणारी हलकी खडखड म्हणजे पिस्टन सैल झालेला. त्याचा इलाज ठरलेला आहे, लेथवाल्याकडे बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन टाकायचा. मूळ बोअर ५० मिलिमीटरचा. प्रत्येक वेळी पाव मिलिमीटरने वाढतो आणि शेवटी एक मिलिमीटरला मर्यादा येते. त्या पिस्टनच्या डोक्यावर माप कोरलेलं असतं. खालून, क्रँककेसमधून घरघर येत असेल तर कनेक्टिंग रॉड किंवा बेअरिंगचं काम आहे. ते 'हाफ इंजिन'मध्ये, म्हणजे फक्त वरचं सिलिंडर-पिस्टन उघडून, भागत नाही. क्रँक प्रेसवर उघडून पुन्हा सरळ बसवावा लागतो आणि सगळे मिस्त्री हे काम करू शकत नाहीत, 'करतो' म्हणणारे बरेच भेटतात.

एक गोष्ट मी कधीच सोडत नाही. विकणाऱ्याची परवानगी घेऊन साइलेन्सरचे पुढचे दोन नट काढायचे आणि बेंड बाजूला करायचा. एक्झॉस्ट पोर्टमधून टॉर्च मारला की पिस्टनची बाजू समोर दिसते. किक हाताने हळूहळू दाबत पिस्टन वर-खाली न्यायचा. बाजूवर उभे ओरखडे असले तर हे इंजिन कधीतरी जाम झालेलं आहे. पिस्टन गुळगुळीत आणि करड्या रंगाचा असेल तर समाधान मानावं. त्याच वेळी पोर्टच्या कडाही दिसतात. त्या सरळ, कारखान्यातून आल्यासारख्या असाव्यात. ग्राइंडरच्या खरबरीत खुणा असल्या तर कोणीतरी 'पोर्टिंग' केलं आहे. वरच्या फेऱ्यांत ती गाडी सुसाट जाईल, पण गावातल्या गल्लीत आणि रोजच्या रस्त्यावर मरेल, आणि ते सिलिंडर परत मूळ स्थितीत आणता येत नाही. बोअर वाढवता येतो, पण घासून मोठं केलेलं पोर्ट पुन्हा लहान होत नाही. जो विकणारा हे दोन नट काढायला नकार देतो, त्याची गाडी मी घेत नाही.

ऑइल पंपाची चौकशी वेगळी करावी. यामाहाने ऑटोल्यूब पंप दिला होता. इंजिनाचा वेग आणि अॅक्सिलरेटर यांच्या प्रमाणात ऑइल सोडणारा. बऱ्याच गाड्यांवर तो बंद करून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात, कारण पंप बिघडला की कळत नाही आणि पिस्टन जातो, ही भीती. भीती खरी आहे. पण ऑइल पेट्रोलबरोबर येत असेल तर अॅक्सिलरेटर बंद करून लांब उतार उतरताना पेट्रोल कमी आणि म्हणून ऑइलही कमी मिळतं. निर्मलजवळच्या महबूब घाटासारख्या उतारावर, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये गाडी सोडून देणाऱ्यांच्या इंजिनाला हा प्रकार महागात पडतो. त्यात टू स्ट्रोक इंजिनाची गाडी रोखण्याची ताकद कमी, सगळा भार ड्रम ब्रेकवर. पंप शाबूत असलेली गाडी मिळाली तर थोडे जास्त पैसे द्यावेत.

हल्ली २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सगळीकडे आलं आहे. इथेनॉल पाणी धरून ठेवतं आणि जुन्या रबरी नळ्या, कार्ब्युरेटरच्या सील यांना मानवत नाही. महिनोन्‌महिने उभी असलेली गाडी असेल तर टाकीचं झाकण उघडून टॉर्चने आत बघा. तळाला गंज असेल तर तो कार्ब्युरेटरपर्यंत पोचलेला असतो.

इंजिनाचं हे सगळं, खर्च धरून, दुरुस्त होतं. ज्याला दुरुस्ती नाही ते म्हणजे नंबर.

चेसिस नंबर हँडलच्या खालच्या नळीवर, इंजिन नंबर क्रँककेसवर. आरएक्स १०० चे हे नंबर '१एल१' या खुणेने सुरू होतात. दोन्ही ठिकाणी पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा. ठसा उमटतो. तो आरसीशी अक्षर-अक्षर ताडून बघा. अक्षरांची खोली सारखी आहे का, ओळ सरळ आहे का, आजूबाजूचा पत्रा घासून चकचकीत केलेला आहे का, हे त्या कागदावर डोळ्यांपेक्षा चांगलं कळतं. आरएक्स १०० च्या सांगाड्यात आरएक्स १३५ चं इंजिन सहज बसतं आणि बाहेरून फरक पटकन कळत नाही, म्हणून तशा गाड्या भरपूर आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल नोंदवावा लागतो. न नोंदवलेला असेल तर हस्तांतरणाच्या तपासणीत गाडी अडकते. शिवाय आरएक्स चोरांची आवडती गाडी राहिली आहे. चोरीच्या गाड्यांची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे असते आणि ती ऑनलाइन तपासता येते. हे न करता पैसे देऊ नयेत.

आता मुदत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. १९९५ ची गाडी धरा : २०१०, २०१५, २०२०, २०२५. चारही वेळा नूतनीकरण झालेली गाडी विरळाच. एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या दुचाकीच्या नूतनीकरणाचं शुल्क ३०० वरून १००० रुपये झालं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या दुचाकीला २००० रुपये लागू झाले. उशिराचा आकार वेगळा, पर्यावरण करही वेगळा. जुनी नोंद संगणकावर चढलेली नसेल तर 'बॅकलॉग' नोंद आधी करून घ्यावी लागते. मोबाइलवरच्या एम परिवहनमध्ये गाडी दिसत नाही याचा अर्थ ती खोटी आहे असं नाही, पण ती दिसेपर्यंत सौदा पक्का धरू नये. दिल्ली परिसरातल्या १५ वर्षांच्या बंदीची धास्ती इकडे बरेच जण घेतात. तो नियम तिथल्यापुरता आहे. आणि 'व्हिंटेज' नोंदणीचं आमिष कोणी दाखवलं तर ऐकू नका. २०२१ च्या नियमाप्रमाणे त्यासाठी ५० वर्षं लागतात, म्हणजे सर्वात जुनी आरएक्स सुद्धा २०३५ च्या आधी व्हिंटेज होत नाही. पीयूसी मात्र साध्य आहे. एप्रिल २००० आधीच्या टू स्ट्रोकला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९००० पीपीएम एवढी सूट आहे, आणि नीट बांधलेलं इंजिन त्यात बसतं.

नदी ओलांडणाऱ्या सौद्याला आणखी एक कागद लागतो. एपी ०१ ची गाडी किनवट किंवा पांढरकवड्याला न्यायची तर आदिलाबादच्या परिवहन कार्यालयाची एनओसी, म्हणजे फॉर्म २८. गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहणार असेल तर तिथला नवा क्रमांक घ्यावा लागतो. हस्तांतरणासाठी फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५. कोऱ्या फॉर्मवर मूळ मालकाच्या सह्या आणि हातोहात चार मालक फिरलेली गाडी इथे नित्याची आहे. ती घेणाऱ्याने मूळ मालकाला शोधून काढावं. तो हयात नसेल तर वारसांच्या सह्या लागतील, आणि तिथे मामला वर्षानुवर्षं लटकतो.

ज्याला रोज कामावर जायचं आहे आणि जोरही हवा आहे, त्याने २००८ नंतरची आर१५ किंवा २०१२ नंतरची पल्सर २०० एनएस बघावी. भाग मिळतात, ब्रेक डिस्कचे आहेत आणि कागद संगणकावर आहेत. आरएक्स ज्याला आरएक्सच हवी आहे त्याच्यासाठी.

शेवटचं विकणाऱ्यांसाठी. अनेकांच्या घरातली जुनी आरएक्स गेली, आणि आरसीवर नाव मात्र अजून त्यांचंच आहे. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये निकाल दिला की गाडी कितीही हात बदललेली असो, अपघाताच्या दिवशी नोंदीत ज्याचं नाव आहे तोच कायद्याने मालक, आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच. त्या खटल्यातली गाडी अपघाताच्या जवळजवळ दोन वर्षं आधीच विकलेली होती. त्याच राज्यात विकलीत तर १४ दिवसांत आणि नदीपलीकडे विकलीत तर ४५ दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवा, आणि पोच घेऊन जपून ठेवा. ज्यांची गाडी आधीच गेली आहे आणि हे राहून गेलं आहे, त्यांनी हे काम पहिलं करावं.