चेहरा मोडताना

कॅनव्हासवर 16 उभ्या आणि 20 आडव्या रांगा, असे 320 चौकोन आखलेले आहेत. माझा एक फोटो संगणकावर तेवढ्याच चौकोनांत उतरवून घेतला. आता एकेका चौकोनाचा सपाट तैलरंग पॅलेटवर कालवतो आहे: यलो ऑकर, बर्न्ट सिएना, टिटॅनियम व्हाइट, सावल्यांसाठी किंचित अल्ट्रामरीन. जवळून नाक दिसत नाही, डोळे दिसत नाहीत. नुसती रंगीत फरशी. मागे सरकून, टोन तपासताना करतो तसे डोळे किलकिले केले, की मी लगेच ओळखू येतो.

बेल लॅब्जमधल्या लिऑन हार्मन यांनी 1973 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात अब्राहम लिंकन यांचा चेहरा असाच मोजक्या चौकोनांत बसवला होता. चौकोनांच्या कडा नजरेला अडवतात. त्या धूसर झाल्या की चेहरा पुढे येतो. साल्वादोर दाली यांनी त्यावरूनच 20 मीटरवरून लिंकन दिसावेत असं चित्र रंगवलं. बातम्यांत एखाद्या पीडितेच्या चेहऱ्यावर चौकोन टाकलेले दिसतात, तेव्हा म्हणूनच जीव धास्तावतो. ते आवरण फार पातळ असू शकतं.

पापण्या, तीळ, सुरकुत्या गेल्या तरी ओळख उरते, कारण ती उजेड-अंधाराच्या मांडणीत मुरलेली असते. 2001 मध्ये पॉल व्हायोला आणि मायकल जोन्स यांनी यंत्राला चेहरा हेरायला शिकवलं तेही याच आधारावर: डोळ्यांचा पट्टा गालांपेक्षा गडद, नाकाचा दांडा डोळ्यांपेक्षा उजळ.

मोडायची ती हीच मांडणी. रंग ओला असतानाच रबरी पात्याची रुंद पट्टी डोळ्यांच्या रांगेवर टेकवून तिरकी वर ओढतो. खोबणीतला गडद तपकिरी कपाळाच्या पिवळ्यात शिरतो. नाकावरचा उजेड नाइफने खरवडून हनुवटीकडे नेतो. दाब जास्त पडला तर सगळे रंग मळतात; कमी पडला तर चेहरा तग धरतो. मधूनमधून मोबाइलचा कॅमेरा चित्रावर रोखतो. पडद्यावर चेहऱ्याभोवती चौकट येते, हलते, आणि एका ओढीनंतर येईनाशी होते.

तिथेच हात थांबवायचा. रंग तेच, फक्त जागा बदललेल्या. कातडीची ऊब शाबूत आहे. इथे कुणीतरी माणूस आहे हे पाहणाऱ्याला जाणवावं. तो कोण, हे मात्र यंत्रालाही सांगता येऊ नये. आज चेहरा फोनचं कुलूप उघडतो, हजेरी लावतो, गर्दीतून माणूस वेचून काढतो. नोंद न होता समोर उभं राहण्याचा हक्क प्रत्येकाला आहे असं मी मानतो, आणि निदान माझ्या चित्रात तो मला राखायचा आहे.