आधी हालचाल, मग उमेद

राजूर हे अकोले तालुक्यातील बाजारपेठेचे गाव असून कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या डोंगररांगांतील आदिवासी पाड्यांची आठवड्याची खरेदी, शाळा-महाविद्यालये आणि सरकारी कामकाज यांसाठी तेथे सतत ये-जा असते. या परिसराचे श्रमाचे वर्ष पावसावर बेतलेले आहे. आषाढात भाताची आवणी, दिवाळीच्या आसपास कापणी, आणि त्यानंतर ज्यांच्या शेताला पाणी नाही त्यांना मजुरीसाठी जुन्नर-नारायणगावच्या बाजूला जावे लागते. काम संपल्यानंतरची रिकामी पोकळी, परीक्षेत आलेले अपयश, कर्ज, घरातील दीर्घ आजारपण यांपैकी एखादे कारण पुरेसे ठरते आणि माणूस हळूहळू मागे सरतो. तो बाजाराला जात नाही, चार माणसांत बसत नाही, आणि विचारले तर ‘मन लागत नाही’ एवढेच सांगतो.

या अवस्थेला सामान्यतः आळस किंवा इच्छाशक्तीचा अभाव समजले जाते आणि ‘मन घट्ट कर’ असा सल्ला दिला जातो. या सल्ल्यामागे एक गृहीतक दडलेले असते, ते म्हणजे आधी मनात उमेद यावी लागते आणि मगच हातून काम होते. मानसशास्त्रातील गेल्या अर्धशतकाच्या संशोधनाने हा क्रम बऱ्याच अंशी उलटा ठरवला आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पीटर ल्युइन्सन यांनी 1970च्या दशकात अशी मांडणी केली की, खिन्न माणूस ज्या गोष्टींतून समाधान मिळत असे त्यांपासून दूर जातो. दूर गेल्याने समाधानाचे प्रसंग आणखी घटतात आणि खिन्नता वाढते. म्हणजे कृती थांबणे हा खिन्नतेचा परिणाम असतो, तसाच तो तिचा आहारही असतो. म्हणून मन बदलण्याची वाट न पाहता ठरवून कृतीकडे परतायचे, ही उपचारपद्धती पुढे विकसित झाली. तिला ‘वर्तन-सक्रियता’ असे म्हणता येईल.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या पद्धतीचा सर्वांत मोलाचा पुरावा शेजारच्या गोव्यातून आला आहे. ‘संगथ’ या संस्थेने विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक कार्यक्रम राबवला, ज्याचे निष्कर्ष 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तीव्र नैराश्य असलेल्या सुमारे 500 प्रौढांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांना जोडून सहा ते आठ भेटींचे समुपदेशन मिळाले, आणि ते देणारे लोक डॉक्टर नव्हते; मानसोपचाराचे पूर्वशिक्षण नसलेली, पण या कामासाठी प्रशिक्षित केलेली ती स्थानिक माणसे होती. तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी 64 टक्के लोक नैराश्यातून बाहेर आलेले आढळले, तर केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होते.

या भेटींत घडत होते ते अगदी साधे होते. दिवसभरात काय केले आणि त्या वेळी मन कसे होते याची नोंद ठेवायची, तिच्यातून कोणत्या गोष्टीने जरा बरे वाटते ते ओळखायचे, आणि पुढच्या भेटीपर्यंत त्यांपैकी काय, कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी करायचे ते ठरवायचे. काम इतके लहान ठेवायचे की उमेद नसतानाही ते होऊ शकेल. बांधावरचे गवत सगळे काढण्याऐवजी सकाळी शेतापर्यंत जाऊन यायचे, अभ्यासाचे संपूर्ण पुस्तक डोळ्यांसमोर न आणता दोन पाने वाचायची. वाटेतील अडचण खरी असेल तर ती सोडवण्याचा मार्गही तेथेच शोधायचा, हा भाग विशेष महत्त्वाचा आहे, कारण मजुरी थकली असताना केवळ उत्साहाची व्याख्याने ऐकवणे हा त्या माणसावर अन्याय आहे.

सह्याद्रीच्या भातपट्ट्यातील सावडीची रीत या संदर्भात लक्षात घेण्यासारखी आहे. आज एकाच्या शेतात, उद्या दुसऱ्याच्या, अशी श्रमाची फेड चालते तेव्हा प्रत्येकाला ठरल्या दिवशी जावेच लागते. जाण्याची इच्छा आहे का, असे कोणी विचारत नाही, आणि चिखलात सोबतीने उभे राहिल्यावर ती पुष्कळदा आपोआप येते. या रीतीचा हेतू उपचाराचा नव्हता, तरी वेळ ठरलेली, काम ठरलेले आणि सोबत ठरलेली ही तिची घडण गोव्यातील समुपदेशकांना हव्या असलेल्या घडणीच्या फार जवळ आहे. कापणीनंतरच्या महिन्यांत माणसे पांगली की नेमका हाच आधार सुटतो.

अर्थात प्रत्येक खिन्नता अशा उपायांनी हटत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक आणि कामातील रस हरपला असेल तर वैद्यकीय तपासणी आवश्यक असते, आणि जगणे नकोसे वाटत असेल तर ती त्याच दिवशी करून घ्यावी. ‘टेलि-मानस’ ही केंद्र सरकारची विनामूल्य सेवा ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते. मात्र दूरध्वनीवरील आवाज आठवड्यानंतर दारात येऊन ‘ठरवलेले झाले का’ असे विचारू शकत नाही. पाड्यापाड्यावर पोहोचणाऱ्या आशा सेविका हे काम करू शकतील. त्यासाठी त्यांच्यावरील कामाचे ओझे आधी कमी व्हायला हवे आणि या वेळेचे मानधन त्यांना स्वतंत्रपणे मिळायला हवे.