ओढा गावाला नेत नाही

पावसाळा तोंडावर आला की एक सल्ला हमखास फिरू लागतो. ‘जंगलात वाट चुकलात तर घाबरू नका. पाण्याचा प्रवाह शोधा आणि त्याच्या कडेकडेने खाली उतरत राहा. ओढा नदीला मिळतो आणि नदीकाठी गाव असतंच.’ शिबिरात मुलांना हे शिकवलं जातं, ट्रेकला निघालेल्या भाच्याला मामा हेच बजावून सांगतो आणि एकदोन किल्ले पाहिलेली मंडळीही ते मान डोलवून मान्य करतात. सल्ला सोपा आहे, तर्काला धरून आहे असं वाटतं, त्यामुळे त्यावर कुणी शंका घेत नाही. पण सह्याद्रीत हा सल्ला पाळणं म्हणजे स्वतःच्या पायांनी कड्याच्या टोकावर जाणं आहे. कितीही वेळा सांगितलं तरी तो पुन्हा उगवतो, म्हणून या वेळी जरा सविस्तर सांगतो.

आधी एक गोष्ट मान्य करू. हा सल्ला सगळीकडेच चुकीचा नाही. २४ डिसेंबर १९७१ रोजी पेरू देशात एक प्रवासी विमान वादळात सापडून अॅमेझॉनच्या जंगलावर कोसळलं. त्यातून युलियाने क्योप्के ही १७ वर्षांची मुलगी एकटीच वाचली. तिचे आईवडील प्राणिशास्त्रज्ञ होते आणि जंगलातल्या संशोधन केंद्रावर ती त्यांच्यासोबत राहिलेली होती. पाण्यामागे गेलं की माणसं भेटतात, हे तिला घरीच शिकवलेलं होतं. ती एका ओहोळामागे चालत, पोहत मोठ्या प्रवाहापर्यंत पोचली. काठावर तिला एक झोपडी सापडली आणि सुमारे अकरा दिवसांनी तिथे आलेल्या लाकूडतोड्यांनी तिला वाचवलं. ही घटना खरी आहे. पण ती सखल प्रदेशात घडली. तिथलं पाणी संथ उताराने वाहतं आणि तिथल्या माणसांचं येणंजाणंच नदीतून चालतं. तिथला नियम उचलून लोणावळ्याच्या किंवा भीमाशंकरच्या रानात लावणं ही भूगोलाची घोडचूक आहे.

सह्याद्री घडला कसा, ते आठवा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले आणि दख्खनचं पठार तयार झालं. त्यातले काही थर अतिशय कठीण, तर काही मऊ आणि सच्छिद्र. पाण्याने मऊ थर आधी झिजतो, वरच्या कठीण थराचा आधार जातो आणि तो उभाच्या उभा तुटतो. म्हणून आपल्या डोंगरांचा उतार सरळ नसतो, तो राक्षसी जिन्यासारखा असतो. पायरीचं पठार, मग उभा कातळ, पुन्हा पठार, पुन्हा कातळ. कोकणाच्या बाजूला हा जिना सर्वांत तीव्र आहे. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा हे त्याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण.

वरून निघालेल्या प्रत्येक ओढ्याला या पायऱ्या उतराव्या लागतात आणि पाणी पायरी उतरतं ते उडी मारूनच. माळशेज किंवा ताम्हिणी घाटात गाड्या थांबवून आपण जे धबधबे बघतो, ते हेच ओढे आहेत. खाली उभं राहणाऱ्याला धबधबा दिसतो. वरून येणाऱ्याला तो दिसत नाही. त्याला दिसतो तो काही पावलांवर अचानक संपणारा ओढा.

आता अशा ओढ्याने उतरणाऱ्या माणसाचं काय होतं ते नीट पाहा. सुरुवात फसवी असते. पात्र रुंद असतं, दगडांवरून सहज चालता येतं, दोन्ही बाजूंच्या दाट कारवीत घुसण्यापेक्षा हे फार बरं वाटतं. मग पाच फुटांचा पहिला टप्पा येतो. तिथून उडी मारता येते. पुढचा टप्पा दहा फुटांचा, शेवाळलेला. तिथे बसून, घसरत उतरायचं. कपडे भिजतात, कोपर खरचटतं, पण उतरता येतं. त्यानंतर घळ अरुंद होते, दोन्ही बाजूंचे कातळ वर चढत जातात, खाली डोह लागतो, आणि डोहाच्या पलीकडे शंभर फुटांचा कडा. पुढे जाता येत नाही. मागे वळावं, तर ज्या शेवाळलेल्या टप्प्यावरून घसरत आलो, तो वर चढता येत नाही. बाजूचा कातळ धरवत नाही. माणूस अडकतो तो असा. धाडस करून अडकत नाही, एकेक छोटा, शक्य वाटणारा निर्णय घेत अडकतो.

आणि अडकतो ते नेमक्या नको त्या जागी. पाण्याच्या आवाजात शोधणाऱ्यांच्या हाका त्याला ऐकू येत नाहीत आणि त्याच्या हाका त्यांना. खोल घळीत मोबाइलला रेंज मिळणं तर दूरच, आकाशाची चिंचोळी पट्टीच दिसत असल्यामुळे जीपीएसही नीट चालत नाही. वर डोंगरमाथ्यावर जोराची सर आली, तर आपल्या डोक्यावर पाऊस नसतानाही काही मिनिटांत पाणी चढतं. ओल्या अंगाने, वाऱ्यात, थंड दगडावर रात्र काढावी लागते. ‘पाण्याजवळ राहिलं म्हणजे सुरक्षित’ या समजुतीचा इथे शेवट होतो.

यावर एक प्रश्न नेहमी येतो. नळीच्या वाटेने लोक हरिश्चंद्रगडावर जातातच की, सांदण दरीतूनही उतरतात, मग? जातात, आणि त्यात काही चूक नाही. पण ती ओळखीची, पूर्वी अनेकांनी वापरलेली वाट असते. कुठल्या टप्प्याला दोर लागतो, कुठून बाजूने काढायचं, कुठल्या महिन्यात तिकडे फिरकायचं नाही, हे माहीत असलेला माणूस सोबत असतो. एका नाळेत वाट आहे, म्हणून प्रत्येक नाळेत वाट असेल असं नाही. वाट चुकलेल्या माणसाला समोरची घळ कुठली, हेच तर माहीत नसतं.

मग करायचं काय? थांबायचं. वाट चुकलो हे लक्षात येताक्षणी जागच्या जागी थांबायचं, बसायचं, पाणी प्यायचं. हे सांगितलं की लोकांना तो भेकडपणा वाटतो, म्हणून त्यामागचं साधं गणित सांगतो. तुम्ही शेवटच्या माहीत असलेल्या जागेपासून २ किलोमीटरच्या आत असाल, तर शोधायचं क्षेत्र साधारण १२ ते १३ चौरस किलोमीटर असतं. तुम्ही भरकटत ४ किलोमीटरपर्यंत गेला असाल, तर तेच क्षेत्र ५० चौरस किलोमीटर होतं. अंतर दुप्पट झालं की शोधकाम चौपट होतं. अमेरिकेत १९८१ मध्ये सॅन दिएगोजवळच्या डोंगरात एक लहान मुलगा हरवून दगावला. त्यानंतर तिथे मुलांसाठी जो कार्यक्रम सुरू झाला, त्याची मुख्य शिकवण एवढीच आहे की हरवलास तर एक झाड धर आणि तिथून हलू नकोस.

बसून श्वास ताळ्यावर आला की विचार करायचा. खात्रीची वाट शेवटची कुठे होती? देऊळ, टाकं, खिंड, कातळावर रंगवलेला बाण? ती जागा जवळ असेल, आलेला मार्ग आठवत असेल आणि उजेड शिल्लक असेल, तर आल्या मार्गाने तिथवर परत जायचं. त्यासाठी चढावं लागलं तरी चढायचं. थकलेल्या पायांना उतार हवा असतो आणि चुका होतात त्या तिथेच. गड उतरताना सोंडेला फाटा फुटतो, चुकीची सोंड धरली जाते, चूक अर्ध्या तासाने कळते, आणि ‘आता परत कोण चढणार’ म्हणून लोक बाजूच्या ओढ्यात उतरतात. तो अर्ध्या तासाचा चढ वाचवण्यासाठी रात्र पणाला लावू नका. परतीचा मार्ग आठवत नसेल, तर जवळपासची मोकळी, उंचवट्याची, पण कड्यापासून दूर असलेली जागा गाठा. ढगांचा गडगडाट असेल तर मात्र माथ्यावर किंवा एकट्या उंच झाडाखाली थांबू नका. मोकळ्या जागेवरून शिट्टी ऐकू जाते, विजेरी दिसते आणि रेंज मिळण्याची शक्यताही वाढते.

दुसरा मोठा गैरसमज चकव्याचा. ‘दोन तास चाललो आणि पुन्हा त्याच झाडापाशी आलो, चकवा लागला होता’ हे गावोगावी ऐकायला मिळतं. सांगणारा खोटं बोलत नसतो. तो खरोखरच फिरून तिथे आलेला असतो, पण त्याला कुणी भुताने फिरवलेलं नसतं. जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतले यान सौमन आणि त्यांचे सहकारी यांनी हे तपासून पाहिलं आणि २००९ मध्ये ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात निष्कर्ष छापले. जर्मनीतल्या सपाट जंगलात त्यांनी लोकांना सरळ रेषेत चालायला सांगितलं आणि जीपीएसने त्यांचा माग ठेवला. सूर्य दिसत होता तेव्हा लोक बऱ्यापैकी सरळ गेले. ढगाळ दिवशी चाललेले चौघेही गोल फिरले आणि त्यांतल्या तिघांना आपलीच वाट पुन्हा ओलांडूनही ते कळलं नाही. डोळ्यांवर पट्टी बांधली, तेव्हा तर काही जण अवघ्या २० मीटर व्यासाच्या वर्तुळात फिरत राहिले. एक पाय दुसऱ्यापेक्षा लांब असल्यामुळे असं होतं, हा खुलासाही त्यांनी तपासला आणि तो टिकला नाही. दूरची खूण दिसत नसेल तर माणसाचा ‘सरळ’चा अंदाज हळूहळू ढळत जातो, एवढंच. पावसाळ्यात धुकं भरलेल्या पठारावर हे कुणाचंही होऊ शकतं. उपाय अंगारा नव्हे. धुकं निवळेपर्यंत थांबणं हाच उपाय.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘शेवाळ झाडाच्या उत्तर बाजूला असतं.’ शेवाळ ओल आणि सावली असेल तिथे वाढतं. जुलैत सह्याद्रीतलं झाड चारही बाजूंनी हिरवं असतं.

‘घड्याळाचा तासकाटा सूर्याकडे धरला की दक्षिण सापडते.’ ही युक्ती युरोपातून आली आहे. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे ती उलटीच दिशा दाखवते.

‘सूर्य बरोबर पूर्वेला उगवतो.’ तसं वर्षातून दोनदाच, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास होतं. जून आणि डिसेंबरच्या अखेरीस आपल्याकडे जवळपास २५ अंशांचा फरक पडतो.

‘ध्रुवतारा सर्वांत तेजस्वी असतो.’ तो मध्यम तेजाचा आहे आणि महाराष्ट्रातून क्षितिजाच्या वर जेमतेम १६ ते २२ अंशांवर दिसतो. दरीत उभं राहिलं तर तो डोंगराआडच जातो.

‘रेंज नाही म्हणजे जीपीएस नाही.’ जीपीएसचा संकेत उपग्रहाकडून येतो, त्याला मोबाइलचं नेटवर्क लागत नाही. नकाशा मात्र घरूनच उतरवून ठेवावा लागतो. आणि रेंज शोधत राहिलेला फोन बॅटरी झपाट्याने संपवतो, तेव्हा मधल्या वेळात तो फ्लाइट मोडवर ठेवा.

‘आपल्या कंपनीची रेंज नसेल तर कुणालाच फोन लागणार नाही.’ ११२ हा आपत्कालीन क्रमांक दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवरूनही लागू शकतो. तो आधी लावून पाहा. अर्धवट रेंजमध्ये बोलणं तुटतं, पण एसएमएस जाऊ शकतो.

‘पाखरं खातात ते फळ माणसाला चालतं.’ कुचल्याच्या फळाचा गर पक्षी खातात, त्याच्या बियांत स्ट्रिक्नीनसारखं जहाल विष असतं. अनोळखी फळाला हात लावू नका.

‘आपल्याकडे थंडीने कुणी मरत नाही.’ शरीराचं आतलं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की धोका सुरू होतो. त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही, ओले कपडे आणि रात्रभराचा वारा पुरतो. सॅकमध्ये कोरडा शर्ट आणि प्लास्टिकचा कागद ठेवा.

‘सूर्य मावळला तरी तासभर उजेड असतो.’ आपल्या अक्षांशावर कामापुरता संधिप्रकाश २० ते २५ मिनिटं टिकतो. दाट झाडीत तितकाही नाही.

‘२४ तास उलटल्याशिवाय पोलीस हरवल्याची तक्रार घेत नाहीत.’ असा कोणताही नियम नाही. घरच्यांनी शंका येताच कळवावं. पोलीस, पायथ्याचे गावकरी आणि स्वयंसेवी बचाव पथकं जितक्या लवकर निघतील तितकं बरं. राज्यातल्या अशा पथकांमध्ये समन्वय साधणारी महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर ही यंत्रणाही आहे.

हे सगळं लक्षात राहणार नसेल, तर निघण्यापूर्वी करायच्या दोन गोष्टी तरी करा. कुठल्या वाटेने चढणार, कुठल्या वाटेने उतरणार आणि किती वाजेपर्यंत परतणार, हे घरी लिहून द्या आणि पायथ्याच्या गावातल्या एका घरीही सांगून जा. सॅकमध्ये शिट्टी आणि विजेरी ठेवा. घसा तासाभरात बसतो, शिट्टी रात्रभर वाजवता येते. आणि वाट सापडण्याआधी अंधार पडलाच, तर रात्र आहे तिथेच काढा. एका रात्रीच्या उपासाने कुणी मरत नाही. अंधारात अनोळखी कातळ उतरताना मात्र माणसं मरतात.