वेळेवरचे देणे आणि हिंगण्याचे छोटे कारखाने

नागपूरजवळच्या हिंगणा औद्योगिक वसाहतीत महिंद्रचा ट्रॅक्टर कारखाना आहे आणि मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणारे अनेक छोटे उद्योजकही आहेत. ट्रॅक्टरची मागणी शेतीवर अवलंबून असल्याने पावसाने ओढ दिली की तिची झळ लेथ यंत्रापर्यंत पोहोचते.

या उद्योजकांसमोर तीन अडचणी आहेत. अचूक मापाच्या कामासाठी सीएनसी यंत्र हवे, पण ते घ्यायचे म्हणजे मोठे कर्ज. ते चालविणारा कारागीर शिकवून तयार करावा, तर अधिक पगारासाठी तो पुण्याची वाट धरतो. आणि भाव ठरवून काम घेतल्यावर पोलाद महागले, तर फरक स्वतःच सोसावा लागतो.

या तिन्हींवर उपाय आहे तो खेळत्या भांडवलाचा. आणि नेमके तेच ग्राहकाच्या उधारीत अडकून पडते. मजुरी, वीजबिल, जीएसटी यांच्या तारखा टळत नाहीत. मालाचे पैसे मात्र महिनोन्महिने येत नाहीत. मधले अंतर बँकेच्या व्याजाने भरून काढावे लागते आणि नव्या यंत्राचा विचार पुढे ढकलला जातो.

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उत्पादकाचे देणे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागते. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. २०२३ मध्ये प्राप्तिकर कायद्यातही दुरुस्ती झाली: मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा मिळत नाही. तरीही ग्राहक तुटेल या भीतीने छोटा उत्पादक तक्रार करावयास धजत नाही. म्हणून पुढाकार खरेदीदारानेच घ्यावयास हवा.

जैन व्यापारी घराण्यांना हा विचार नवा नाही. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिक मानोन्मान’, म्हणजे खोटी मापे वापरणे, सांगितले आहे. तराजूत कमी तोलू नये, हे आपल्या पेढ्यांवर लहानपणीच शिकविले जाते. कबूल केलेली मुदत लांबविणे हेही कमी तोलण्यासारखेच नव्हे काय? दर महिन्यास खातेवही उघडून मुदत उलटलेली छोट्या पुरवठादारांची बिले आधी चुकती करावीत. हिंगण्यातील एखाद्या कारखान्याच्या नव्या यंत्राचा पहिला हप्ता कदाचित त्यातूनच निघेल.