चाकांवरचं घर (भाग ६) : बटण दाबलं, खोली हलेना

अ‍ॅरिझोनातलं क्वार्ट्झसाइट उन्हाळ्यात जवळपास ओस असतं. जानेवारीत मात्र उत्तरेकडच्या बर्फाला कंटाळलेली मंडळी हजारो मोटरहोम्स घेऊन तिथल्या वाळवंटात येऊन उतरतात. तिथे बहुतेक ठिकाणी ना नळ, ना विजेची जोडणी. रात्री कडाक्याची थंडी, रात्रभर चाललेला हीटरचा पंखा, आणि सकाळी निघायच्या घाईत कुणीतरी भिंतीवरचं बटण दाबतो. टक्. पुन्हा दाबतो. पुन्हा टक्. बाहेर आलेली बैठकीची खोली काही आत जायला तयार नाही.

ही सरकती खोली म्हणजे स्लाइड-आउट. मोटरहोममध्ये ती आणण्याचं श्रेय १९९०च्या सुमाराला इंडियाना राज्यातल्या न्यूमार कंपनीला दिलं जातं. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्गांवर वाहनाची रुंदी १०२ इंच, म्हणजे जेमतेम २.६ मीटर, इतकीच चालते. मुक्कामी पोहोचल्यावर भिंतच दोन-तीन फूट बाहेर ढकलली, की सोफा आणि ओटा यांच्यामधून दोन माणसांना एका वेळी जाता येतं. सोय मोठी आहे, पण खोली बाहेर अडकली तर अख्खं घर जागचं हलत नाही.

अशा वेळी बहुतेक मालक एकच चूक करतात. बटण दाबत राहतात. मोटर तापते, गिअरचे दात झिजतात आणि थोडक्यात निभावलं असतं ते दुखणं महागात पडतं. हात बाजूला ठेवून आधी कान लावावा. अडकलेली खोली काय झालंय ते बऱ्याचदा आवाजातूनच सांगते.

काहीच आवाज नसेल, तर दोष यंत्रणेत असण्याची शक्यता कमी. बऱ्याच गाड्यांमध्ये पार्किंग ब्रेक लावल्याशिवाय खोली हलत नाही; काहींमध्ये इंजिन चालू लागतं, काहींमध्ये चावी पूर्ण बंद लागते. हे कंपनीगणिक बदलतं, म्हणून पुस्तिका हाताशी हवी. त्यानंतर फ्यूज आणि ब्रेकर. प्रवासात खोली जागेवर राहावी म्हणून लावलेला अडसर काढायचा राहून गेला असेल, तर तोही बघायला हवा.

वाळवंटातली ती ‘टक् टक्’ मात्र रिलेची असते. हुकूम पोहोचतोय, पण मोटर फिरवायला जोर नाही. या मोटरी १२ व्होल्टवर चालतात. आराम करत असलेली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी रिकामी. त्यात मोटर सुरू होताना एकदम मोठा प्रवाह ओढते आणि व्होल्टेज आणखी खाली बसतं. इंजिन किंवा जनरेटर चालू करून, चार्जर सुरू झाल्याची खात्री करून थोडा वेळ थांबलं, की रुसलेली खोली बऱ्याचदा निमूट आत येते. तरीही नाही आली, तर मल्टीमीटर घेऊन बटण दाबलेलं असतानाच मोजावं: एकदा बॅटरीवर, एकदा मोटरपाशी. दोन्हींत व्होल्टभराचा फरक असेल, तर गंजलेली जोडणी किंवा चॅसीला नीट न चिकटलेली अर्थिंगची तार शोधायची. नुसतं ‘बॅटरीला साडेबारा आहेत’ म्हणून चालत नाही, भार पडल्यावरचा आकडाच खरा.

मोटर घरघरतेय पण खोली जागची हलत नाही, तेव्हा मामला यंत्राचा. रॅक आणि पिनियनच्या जुन्या, दणकट पद्धतीत मोटर आणि गिअर यांच्यामध्ये मुद्दाम एक कमजोर पिन ठेवलेली असते. खोली कशाला अडली तर पिन तुटते आणि गिअर वाचतो. म्हणून पिन बदलण्याआधी ती का तुटली ते शोधायला हवं. उघडा राहिलेला खण, फरशीखाली गेलेली मुलाची चप्पल, मागे रेललेली ड्रायव्हरची सीट, बाहेर झाडाची फांदी. कारणं अशी साधीच निघतात.

सगळ्यात जास्त शिव्या खाते ती श्विंटेक पद्धत. २०१० मध्ये लिपर्ट कंपनीनं ती विकत घेतली आणि हलकी, कमी जागा खाणारी म्हणून ती पुष्कळ गाड्यांत गेली. खोलीच्या दोन्ही कडांना एकेक छोटी मोटर असते. पावसाळ्यात फुगलेला लाकडी कपाटाचा खण आठवावा. एकाच बाजूनं ओढला की तिरपा होऊन घट्ट बसतो. इथेही तेच होतं. दोन मोटरी बरोबरीनं फिरताहेत ना, हे सेन्सर सतत मोजत असतात. एक मागे पडली की नियंत्रक दोघींना थांबवतो आणि त्यावरचा लाल दिवा लुकलुकू लागतो. तो किती वेळा लुकलुकला ते मोजून पुस्तिकेत बिघाड शोधायचा.

यातली गंमत अशी, की हा तिरपेपणा बऱ्याचदा मालकाच्याच बोटामुळे येतो. खोली टेकल्यासारखी दिसली की तो बटण सोडतो. खरं तर मोटरी आपण होऊन थांबेपर्यंत बटण दाबून धरायचं असतं. तेव्हाच दोघी शेवटाला पोहोचून पुन्हा एका तालात येतात. दर खेपेला बोट दोन सेकंद आधी उचललं, की थोडा थोडा फरक साचत जातो.

तरीही अडलीच, तर याच पद्धतीत एक आडवाट आहे. नियंत्रकावरचं मोड बटण भराभर सहा वेळा दाबायचं आणि सातव्यांदा पाचेक सेकंद दाबून धरायचं. दिवे लुकलुकू लागले, की नेहमीच्या बटणानं खोली आत घेता येते. मात्र आता ताल राखणारं कुणी नसतं, त्यामुळे दोन्ही कडांवर एकेक माणूस उभा हवा. तेही जमलं नाही, तर मोटरी सोडवून चार जणांनी खोली ढकलायची. पण खोलीला धरून ठेवणारी मोटरच असल्यानं, त्या पुन्हा बसवल्याशिवाय किंवा आतून भक्कम टेकू लावल्याशिवाय रस्त्याला लागणं धोक्याचं.

हायड्रॉलिक खोली हळूहळू, कण्हत सरकत असेल, तर तेल बघावं. बऱ्याच यंत्रणांत ते लालसर ट्रान्समिशन ऑइल असतं, त्यामुळे गळती डागावरूनच कळते. पातळी मात्र सगळ्या खोल्या आत आणि गाडी समतल ठेवणारे जॅक वर असतानाच मोजायची. खोल्या बाहेर असताना टाकी काठोकाठ भरली, तर त्या आत येताना परतणारं तेल बाहेर सांडतं.

खोलीच्या कडेचं रबर दुर्लक्षित राहतं. पाइनच्या सुया आणि काटक्या खोलीच्या छपरावर साचतात, आणि छप्पर न झाडता खोली आत घेतली की त्या रबराखाली अडकतात. पुढच्या पावसात तिथूनच पाणी झिरपतं आणि फरशीचा प्लायवुड कुजायला लागतो. रबराला पेट्रोलियमचं ग्रीस लावू नये, ते फुगतं. श्विंटेकच्या पट्ट्यांनाही ग्रीस नको. त्यावर वाळू चिकटून घासकागद तयार होतो. सुकं वंगण पुरतं.

भारतातून आईवडील आले, की यलोस्टोनसाठी भाड्यानं मोटरहोम घेणारी मराठी कुटुंबं अमेरिकेत आहेत. त्यांनी गाडी ताब्यात घेतानाच प्रत्येक खोली एकदा पूर्ण बाहेर, एकदा पूर्ण आत करून घ्यावी आणि हातानं फिरवायचा हँडल कुठे ठेवलाय ते विचारून घ्यावं. वाटेत अडकलीच, तर हँडलला हात लावण्याआधी मालकाला फोन करावा, नाहीतर अनामत रकमेवरून वाद ठरलेला.

(पुढील आठवड्यात : जमीन तिरकी, जॅक चार)